पहिला कॅट हातात घेताना

टॅरोचा नवा कॅट उघडला की पत्त्यांबरोबर एक चिमुकली पुस्तिका निघते. तिच्यात प्रत्येक पानासमोर चार-पाच शब्द छापलेले असतात: प्रवास, विलंब, वारसा, विश्वासघात, असे. नवशिके आधी हीच पुस्तिका उघडतात आणि पाठांतराला बसतात. ७८ पानं, प्रत्येकाचा सुलटा अर्थ एक आणि उलटा एक, म्हणजे १५६ नोंदी. इतिहासाच्या सनावळ्या हसत पाठ केलेल्यांनाही हे जड जातं. उत्साह आटतो आणि कॅट कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन पडतो. माझं सांगणं असं की ती पुस्तिका सुरुवातीचे काही आठवडे बाजूला ठेवावी आणि नुसती पानं बघावीत. टॅरो वाचायला शिकायचं तर आधी चित्र बघायला शिकावं लागतं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

पहिल्या दिवशी सतरंजी अंथरून सगळी पानं चित्रं वर करून मांडावीत आणि त्यांचे दोन ढीग करावेत. एका ढिगात २२ पानं येतील. त्यांच्या डोक्यावर रोमन आकडा आणि पायथ्याशी नाव असतं: जादूगार, सम्राज्ञी, एकांतवासी, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य. यांतल्या 'मूर्ख' नावाच्या पानाला शून्य क्रमांक आहे. या ढिगाला मेजर अर्काना म्हणतात. उरलेली ५६ पानं माइनर अर्काना, आणि हा ढीग सुट्टीत पत्ते कुटत वाढलेल्या मराठी माणसाला मुळीच परका नाही. चार प्रकार, प्रत्येकात एक्का, दुर्री, तिर्री करत दश्शीपर्यंत दहा पानं, आणि वर राजघराण्यातली मंडळी. आपल्याकडे गुलाम, राणी, राजा असे तिघे असतात. इथे गुलामाच्या जागी एक पोरसवदा सेवक आणि एक घोडेस्वार असे दोघे आहेत, म्हणून प्रत्येक प्रकाराची १३ ऐवजी १४ पानं. बदामाच्या जागी पेले, इस्पिकच्या जागी तलवारी, चौकटच्या जागी नाणी आणि किलवरच्या जागी दांडे ठेवले की हिशेब जुळतो. बोलताना टॅरोवाले कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स आणि वाँड्स ही इंग्रजी नावंच वापरतात. तीही कानावरून जाऊ द्यावीत.

हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. टॅरो मुळात पत्त्यांचा खेळ आहे. युरोपात पत्ते पोहोचले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इस्लामी जगातून. १३७७ मध्ये फ्लॉरेन्सच्या नगरशासनाने या नव्या खेळावर निर्बंध घातल्याची नोंद सापडते. इजिप्तच्या ममलूक राजवटीतला एक जुना कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेला आहे. त्यात पेले आहेत, नाणी आहेत, तलवारी आहेत आणि चौथा प्रकार पोलोच्या काठ्यांचा आहे. युरोपीयांना पोलो ठाऊक नव्हता, त्यामुळे त्यांच्या हाती त्या काठ्यांचे साधे दांडे झाले. याच कुळातला गंजिफा इराणमार्गे भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा संच धाडल्याचं त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफाची गोल, चकाकती पानं अजूनही हाताने रंगवली जातात. तो कॅट १२० पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. टॅरो शिकणाऱ्याने सावंतवाडीला जाणं झालं तर ती पानं मुद्दाम बघावीत. तळहाताएवढ्या जागेत चित्रकार काय ठेवतो आणि काय गाळतो, याची नजर तिथे तयार होते.

इटलीत १४४० च्या सुमाराला या चार प्रकारांना हुकुमाची वेगळी चित्रपानं जोडली गेली आणि पुढे त्यांची संख्या २२ वर स्थिरावली. मेंढीकोट खेळलेल्याला हुकूम समजावून सांगायला नको. आपण हुकूम डावागणिक ठरवतो आणि तिथे ही पानं कायमचीच हुकूम होती, एवढाच काय तो फरक. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेल्या कॅटाची बरीचशी पानं आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आणि बेर्गामोच्या अकादेमिया कारारा या संग्रहालयात विभागून आहेत. पुढची तीनशे वर्षं टॅरो मुख्यतः खेळच राहिला. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात त्याचे डाव आजही रंगतात.

मग हे गूढ कुठून आलं? १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलाँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या ग्रंथात जाहीर केलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी दडवून ठेवलेलं ज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी त्या काळी कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडून काढणारं कोणी नव्हतं. शाँपोल्याँने १८२२ मध्ये ती लिपी उलगडली आणि तिच्यात टॅरोचा मागमूस सापडला नाही. पण तोवर गाडी फार पुढे गेली होती. एतेय्या या नावाने लिहिणाऱ्या एका फ्रेंच माणसाने १७८५ मध्ये टॅरोवरून भविष्य कसं सांगावं याचं पुस्तक काढलं होतं आणि चार वर्षांनी त्यासाठी खास कॅटही छापला होता. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये टॅरोच्या खेळाचा जाडजूड इतिहास लिहिला आणि इजिप्तच्या कथेची जागा दाखवून दिली.

नवशिक्याने हा इतिहास सुरुवातीलाच वाचावा असं मला वाटतं, कारण भीती. कॅट घरात ठेवला तर चालतो का, देवघराच्या खोलीत ठेवावा का, पाळीच्या दिवसांत हात लावावा का, अमावास्येला उघडावा का, पहिला कॅट स्वतः विकत घेतला तर अपशकुन होतो का, दुसऱ्या कोणी हात लावला तर तो 'बिघडतो' का: शिकायला येणाऱ्यांचे पहिले प्रश्न हेच असतात, आणि ते दबक्या आवाजात विचारले जातात. या पानांचा जन्म खेळाच्या टेबलावर झाला, हे एकदा कळलं की या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. कॅट स्वतः विकत घ्यावा, आवडेल तिथे ठेवावा. रेशमी रुमालात गुंडाळून ठेवायला आवडत असेल तर अवश्य ठेवावा, पानांच्या कडा चांगल्या राहतात.

आता कोणता कॅट घ्यावा? बाजारात मांजरांपासून देवतांपर्यंत कशाकशाचे टॅरो मिळतात आणि ते दिसायला मोहक असतात. तरी पहिला कॅट राइडर-वेट-स्मिथच असावा, यावर मी ठाम आहे. जुन्या युरोपीय कॅटांत पेल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले, आपल्या बदाम पंजीवर पाच बदाम असतात तसे. तिथे बघायला काही नाही, त्यामुळे अर्थ पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. लंडनच्या राइडर प्रकाशनाने डिसेंबर १९०९ मध्ये जो कॅट बाजारात आणला, त्यात एक्का ते दश्शीच्या चाळीसही पानांवर देखावे आले, माणसं आली, हवामान आलं, घरं आणि नद्या आल्या. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची होती आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची.

पामेलाबद्दल थोडं सांगायलाच हवं. तिचा जन्म १८७८ चा, लंडनमधला. लहानपणाचा काही काळ जमैकात गेला आणि तिथल्या लोककथांचं तिने पुढे पुस्तक केलं. चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये झालं. मग ती लंडनच्या नाटकवाल्यांत रमली. अभिनेत्री एलेन टेरी यांच्या मंडळींबरोबर तिने नेपथ्याची, वेशभूषेची कामं केली. हा नाटकाचा संस्कार पानापानांत दिसतो. कितीतरी चित्रांत पायाखाली सपाट रंगमंच आहे, मागे एक आडवी रेघ आणि तिच्यापलीकडे पडद्यावर रंगवल्यासारखा देखावा. पात्रं हावभावांनी बोलतात. तिच्याआधी सगळी पानं सचित्र असलेला एक कॅट इटलीत झाला होता, पंधराव्या शतकाच्या अखेरीचा सोला बुस्का. त्याची छायाचित्रं १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली होती. तलवारींच्या तिर्रीवरचं तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय पाहिलं की तिने ती बघितली असणार याविषयी शंका उरत नाही. पण बाकीचं जग तिने स्वतःच्या हाताने उभं केलं. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात तिने म्हटलंय की काम प्रचंड होतं आणि पैसे अगदी थोडे मिळाले. विक्रीवर तिला काहीच मिळालं नाही. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती कर्ज डोक्यावर ठेवून गेली. तिच्या हयातीत आणि नंतरही कित्येक दशकं कॅटाच्या नावात प्रकाशक होता, वेट होते आणि तीच नव्हती. अलीकडे 'स्मिथ' हे आडनाव जोडतात, ते न्यायाचंच आहे. तिची पीसीएस ही आद्याक्षरं एका वळणदार खुणेत गुंफलेली असतात आणि बहुतेक चित्रांच्या खालच्या कोपऱ्यात दिसतात. कॅट घेतल्यावर ती खूण शोधत बसणं हा उत्तम पहिला अभ्यास आहे. स्वस्त नकलांमध्ये चित्रांच्या कडा कापलेल्या असतात आणि ती खूण त्यातच जाते. असा कॅट घेऊ नये. जे कापलं गेलंय ते वाचता येत नाही.

एक पान जवळून बघू. पेल्यांची पंजी. काळा झगा पांघरलेलं कोणीतरी उभं आहे, मान खाली. समोर तीन पेले कलंडलेत आणि आतलं सांडलंय. पुस्तिकेत इथे 'नुकसान, शोक' असं लिहिलेलं असतं आणि घाईचा वाचक तिथेच थांबतो. बघत राहिलं तर दिसतं की पाठीमागे आणखी दोन पेले आहेत आणि ते उभे आहेत. त्या माणसाला ते दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. पलीकडे नदी आहे, तिच्यावर पूल आहे, पुलापल्याड घर आहे, गढीसारखं. म्हणजे नदी ओलांडायची सोय आहे. झगा जड आहे आणि त्यात हात झाकलेत, त्यामुळे तो काही उचलण्याच्या स्थितीत नाही. चेहरा नीट दिसत नाही, म्हणून हे दुःख कोणाचंही असू शकतं. एवढं पाहिल्यावर प्रश्न आपोआप सुचतात. तो वळेल का? वळायची वेळ झालीय का, की अजून थोडा वेळ त्याला सांडलेल्याकडे बघू द्यावं? नुकत्याच कोणाला गमावलेल्या माणसापुढे हे पान आलं तर 'मागे दोन पेले आहेत' हे लगेच सांगणं क्रूरपणाचं ठरू शकतं. नोकरी जाऊन दोन वर्षं झालेल्याला मात्र तेच सांगणं गरजेचं असतं. चित्र तेच, पण वाचन बदलतं, आणि हे कोणत्याही पुस्तिकेत मावणारं नाही.

म्हणून अभ्यासाची पद्धत अशी ठेवावी. रोज सकाळी एक पान काढावं आणि अर्थाकडे न जाता फक्त काय दिसतं ते मोठ्याने बोलावं. कोण आहे, तोंड कुठे आहे, हातात काय आहे, पाठीमागे काय आहे, आभाळ कसं आहे. मग विचारावं की या क्षणाच्या आधी काय घडलं असेल आणि आता हा माणूस काय करील. ते वहीत दोन-चार ओळींत टिपावं. सगळ्यात शेवटी पुस्तिका उघडावी. आपलं निरीक्षण आणि छापील अर्थ कित्येकदा जवळ येतात, कारण तो अर्थ सांगण्यासाठीच चित्र काढलेलं होतं. जिथे जुळत नाहीत तिथे भांडावं. संध्याकाळी पुन्हा वही उघडून दिवसभरात त्या चित्राची आठवण कुठे झाली ते लिहावं. ऑफिसात चार जणांची एकाच कामावरून खडाजंगी झाली आणि दांड्यांची पंजी डोळ्यांपुढे आली, असं एकदा झालं की ते पान पुन्हा पाठ करावं लागत नाही.

पाठांतर कमी करणारा आणखी एक मार्ग म्हणजे रचना. इंग्लंडमध्ये १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गुप्त मंडळाने चार प्रकारांना चार तत्त्वं नेमून दिली आणि वेट, स्मिथ दोघेही त्या मंडळाचे सदस्य होते. दांडे म्हणजे तेज, पेले म्हणजे आप, तलवारी वायू, नाणी पृथ्वी. पंचमहाभूतं लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला हे पटकन लक्षात राहतं: धडाडी, भावना, विचार आणि व्यवहार. त्यावर आकडा ठेवावा. एक्का ही सुरुवात, चव्वी स्थिरता, पंजी धक्का, दश्शी शेवट किंवा कळस. चारही पंज्या शेजारी मांडून बघाव्यात. दांड्यांची मारामारी, पेल्यांचा शोक, तलवारींचा हरलेला डाव, नाण्यांच्या पानावर बर्फातून चाललेले दोन कंगाल आणि त्यांच्या डोक्यावर उजळलेली रंगीत काचेची खिडकी. एकही पंजी सुखाची नाही. राजघराण्यातली सोळा पानं मात्र सगळ्यांनाच छळतात. ती माणूस दाखवतात की स्वभाव, हे दरवेळी ठरवावं लागतं. त्यांची घाई करू नये.

प्रश्न विचारणं ही वेगळी कला आहे. 'माझं लग्न कधी होईल' या प्रश्नाला चित्र उत्तर देऊ शकत नाही, कारण चित्रात तारीख नसते. 'लग्नाचा विषय निघाला की मी नेमकी कशाला अडते' या प्रश्नापुढे मात्र ७८ पैकी कोणतंही पान ठेवलं तरी बोलायला काहीतरी मिळतं. हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न नवशिक्याने घेऊच नये.

समजा, पुण्यात नोकरी करणारा एक तरुण विचारतोय की सगळं सोडून साताऱ्याला वडिलांचं दुकान बघावं का. आधी प्रश्न फिरवून घ्यावा: हे ठरवताना मी काय लक्षात घ्यायला हवं? मग तीन पानं काढावीत. भूत, वर्तमान, भविष्य ही मांडणी सगळीकडे शिकवतात, पण मला ती फारशी आवडत नाही. तिसरं पान आलं की समोरचा श्वास रोखून बसतो आणि पहिली दोन वाया जातात. त्यापेक्षा आता हातात काय आहे, सोबत काय येतंय आणि ठरवायचं काय, अशा तीन जागा ठेवाव्यात.

पहिलं आलं नाण्यांची अठ्ठी. बाकावर बसलेला कारागीर मान घालून नाणं घडवतोय, झालेली नाणी खांबावर लावलेली, गाव दूर मागे. वाचणाऱ्याने इथे निर्णय देऊ नये, विचारावं: हा बाक तुझ्या ऑफिसातला आहे की दुकानातला? दुसरं आलं तलवारींची छक्की. नावेत शाल पांघरून बसलेली बाई आणि मूल, मागे काठीने नाव ढकलणारा नावाडी, आणि नावेतच रोवलेल्या सहा तलवारी. म्हणजे किनारा बदलतोय, पण तलवारी मागे राहिलेल्या नाहीत, त्या सोबत येताहेत. साताऱ्याला जाताना कोणती तलवार बरोबर जाणार आहे? वडिलांशी झालेलं एखादं जुनं भांडण, की इथे हरल्याची भावना? तिसरं आलं दांड्यांची दुर्री. गच्चीवर उभा असलेला माणूस हातात पृथ्वीचा गोल घेऊन लांबवर बघतोय. एक दांडा त्याच्या हातात आहे, दुसरा भिंतीला कडीत अडकवलेला आहे. हा तपशील अनेकांच्या नजरेतून सुटतो आणि इथे तोच सगळ्यात मोलाचा आहे. यातलं तुझ्या हातात काय आहे, आणि भिंतीला पक्कं बसवलेलं, तुला हलवता न येणारं काय आहे? इतकं विचारून गप्प बसावं. उत्तर त्याच्याकडून येतं, आणि ते दुकानाबद्दल असेल असंही नाही.

तीन पानं सुटी सुटी वाचून संपवू नयेत. त्यांना एका ओळीत बघावं. कोण कोणाकडे बघतंय, कोणाची पाठ कोणाला आहे, पाणी कुठे आलं, माणसांची गर्दी आहे की सगळे एकेकटे. ७८ पानांतून क्रमाने तीन पानं ४,५६,४५६ प्रकारे निघू शकतात. इतक्या मांडण्यांचे अर्थ कोणत्याच पुस्तकात सापडणार नाहीत. तिथे डोळाच कामाला येतो.

हा हिशेब आणखी एका कारणासाठी माहीत असावा. 'माझ्या वाचनात मेजर अर्काना आलं, म्हणजे काहीतरी मोठं घडणार' असं नवशिक्यांना वाटतं. वास्तविक तीन पानं काढली तर त्यांत किमान एक मेजर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. दहा पानांच्या मांडणीत मृत्यूचं पान येण्याची शक्यता जवळजवळ आठात एक. ते येतच राहणार. पत्ते नीट पिसले आहेत ना, हे आधी बघावं. नवा कॅट क्रमाने लावलेला असतो आणि टॅरोची पानं आपल्या पत्त्यांपेक्षा मोठी असल्याने हातात पिसणं अवघड जातं. सतरंजीवर पसरून दोन्ही हातांनी गोल गोल कालवावीत आणि मग गोळा करावीत. तसं करताना काही पानं उलटी होतात. उलट्या पानांचे वेगळे अर्थ असतात, पण सुरुवातीला ती सरळ करून घ्यावीत. सुलटं चित्र डोळ्यांत बसण्याआधी उलटं वाचण्यात अर्थ नाही.

आता त्या मृत्यूच्या पानाकडे. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय. हातातल्या काळ्या निशाणावर पांढरं फूल आहे. राजा खाली पडलाय आणि त्याचा मुकुट मातीत. धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणी गुडघ्यांवर बसून तोंड फिरवतेय आणि लहान मूल निर्भयपणे घोड्याकडे बघतंय. दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. कोणाच्याही मरणाची बातमी या चित्रात नाही. एकच अटळ गोष्ट समोर आली की चार माणसं चार तऱ्हांनी वागतात, ते यात आहे. हे पान आल्यावर समोरच्याला एवढंच विचारावं की या चौघांपैकी तुम्ही आत्ता कोण आहात. असं विचारणाऱ्याकडून कोणीही घाबरून उठून गेलेलं मी पाहिलं नाही.

पानं भविष्य सांगतात याला भरवशाचा पुरावा नाही आणि शिकणाऱ्याने हे स्वतःपाशी स्पष्ट ठेवावं. 'अगदी बरोबर सांगितलंत' ही पावती कशी मिळते, हेही जाणून असावं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर कळलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या बाजारू पुस्तकातून उचललेली होती. 'तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात' हे वाक्य दादरच्या फलाटावर कोणालाही सांगितलं तरी तो मान डोलवेल. प्रामाणिक वाचणारा अशा वाक्यांपासून दूर राहतो आणि पानावरच्या एखाद्या ठोस तपशिलाला धरून बोलतो: ती कडी, तो पूल, तो मातीतला मुकुट. समोरच्याला 'नाही, हे माझ्याबाबतीत खरं नाही' असं म्हणायची जागा तिथे राहते. ती जागा ठेवणं हा मला या विद्येतला सगळ्यात महत्त्वाचा नियम वाटतो.

स्वतःसाठी काही महिने वही भरल्यावर मैत्रिणी, भावंडं, ऑफिसातले सहकारी पानं काढून मागू लागतात. तेव्हा काही गोष्टी साफ नाकाराव्यात. आजाराचं निदान, गरोदरपण, कोर्टाचा निकाल, शेअर बाजार, आणि हजर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे हा प्रश्न. 'तो अजून माझ्यावर प्रेम करतो का' असं कोणी विचारलं तर 'त्याच्याशी काय बोलायचं राहून गेलंय' असा प्रश्न करून घ्यावा. तेच तेच विचारत रोज पानं काढायला येणाऱ्याला पानांपेक्षा बोलायला माणूस हवा असतो, कधी समुपदेशक हवा असतो, आणि तसं मायेने सांगावं. भीती घालून पैसे काढणाऱ्यांपासून सावध करणंही आपलंच काम आहे. 'मनोऱ्याचं पान आलंय, घरावर करणी आहे, शांत करावी लागेल, इतके हजार लागतील' असं कोणी म्हणालं तर तिथे टॅरो संपलेलं असतं. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणं आणि दहशत बसवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दहा पानांची सेल्टिक क्रॉस ही मांडणी वेट यांच्या पुस्तकात दिलेली आहे आणि पुढे ती जगभर पसरली. चित्रपटांतले टॅरोवाले तीच मांडतात, म्हणून नवशिक्यांना तिची ओढ असते. तिच्यात दुसरं पान पहिल्यावर आडवं ठेवतात, चार पानं भोवती, आणि उजवीकडे चार पानांची उभी ओळ. तीन पानं न अडखळता एका दमात जोडून वाचता येऊ लागली की हिच्याकडे वळावं. तेव्हाही पहिल्या जागेपासून सुरुवात करण्याची सक्ती नाही. दहाही पानं उघडी करून आधी नुसतं बघत बसावं, नजर जिथे अडेल ते पान उचलावं आणि वाचन तिथून सुरू करावं.